हरभऱ्याचा दाणा

“हात नका लावू मॅडम! पयले योगेंद्रभाऊले फोन लावू द्या,” निरंजन सर दारातूनच ओरडले.

चारुलताचा पुढे गेलेला हात तसाच थांबला. समोर चार वर्षांची तेजू नाक धरून रडत होती. तिने हरभऱ्याचा दाणा डाव्या नाकपुडीत घातला होता.

“सर, दाणा दिसून राहिला. दुसरी नाकपुडी दाबून शिंकरायला लावते. दोन मिनिटांचं काम आहे.”

“आन् काही झालं तर? पोरगी कोनाची आहे, माहीत आहे ना?”

माहीत होतं. तेजूचा बाप योगेंद्र केळीचा मोठा व्यापारी. लोधीपुऱ्यातली ही शाळा निरंजन सरांची असली तरी इमारत योगेंद्रच्या चुलत्याची होती.

योगेंद्र असीरगढच्या बाजूला माल भरत होता. त्याला यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात तेजूने रडत रडत बोटाने दाणा आत ढकलला, आणि ओलाव्याने तो फुगला. शेवटी सिंधीपुऱ्यातल्या डॉक्टरांनी चिमट्याने काढला. थोडं रक्त आलं. संध्याकाळी पोरगी मावा जिलेबी खात होती.

चारुलता एकवीस वर्षं बालवर्गाला शिकवत होती. तिच्या वर्गात पाटी उशिरा यायची. आधी मुलं कपाशीच्या बोंडातून सरकी वेगळी करत, केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सोपटाच्या पट्ट्या एकमेकींत गुंफत, मातीचे गोळे वळत. हरभरे, वाल आणि मका एकत्र करून ती द्रोणात ठेवायची आणि मुलं चिमटीने एकेक दाणा निवडायची. बोटांत बळ आलं की पेन्सिल आपोआप सरळ चालते, असं ती पालकांना सांगायची. पालक हसायचे. पण तिच्या हाताखालच्या मुलांचं अक्षर गावात ओळखू यायचं.

दुसऱ्या दिवशी सरांनी पालकांना बोलावलं. वीस-बावीस माणसं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. योगेंद्र उभाच होता.

“माझी चूक झाली. माझं लक्ष हवं होतं,” चारुलता म्हणाली. “मी माफी मागते.”

“माफी काय करू मी?” योगेंद्रने कपाटावरच्या द्रोणातून एक हरभरा उचलला आणि तिच्यापुढे धरला. “घाला.”

तिला कळलंच नाही.

“नाकात घाला. पोरीले कसं झालं असंन, कळू द्या ना तुमाले. तुमीच सांगता ना, हातानं केल्याबिगर समजत नाही म्हनून?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. चारुलताने सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

“सर?”

“आता मॅडम, वाढवू नका. भाऊचं मन राखा. एक मिनिटाचा मामला आहे.”

तिने पहिल्या रांगेतल्या कमलकडे पाहिलं. कमलची दोन्ही मोठी मुलं तिच्याच हाताखालून गेली होती. थोरल्याला डाव्या हाताने लिहितो म्हणून घरचे मारायचे, तेव्हा चारुलता कमलच्या घरी जाऊन तिच्या सासऱ्याशी भांडली होती. कमलने मान खाली घातली. मांडीवर मोबाइल उभा धरलेला होता. ती व्हिडिओ काढत होती.

नाही म्हणून निघून जावं, असं चारुलताच्या मनात आलं. पण दोन गल्ल्या पलीकडे तिचा मोठा भाऊ मधुकर तीन वर्षांपासून अंथरुणात होता. बारा वाजता घरी जाऊन त्याला भरवायला, कूस बदलून द्यायला ही शाळा तिला मोकळीक द्यायची. दुसरी कोणती शाळा देणार होती?

तिने दाणा घेतला आणि नाकात घातला.

“अजून आत.”

तिने बोटाने ढकलला. डोळ्यांतून पाणी आलं. योगेंद्रने घड्याळाकडे पाहिलं आणि पूर्ण एक मिनिट तिला तसंच उभं ठेवलं.

“बस. आता ठीक,” तो म्हणाला आणि निघून गेला. बाकीचेही उठले. जाताना एका बाईने तिला “येते हं टीचर” म्हटलं, रोजच्यासारखंच.

दाणा तिने मोरीत जाऊन एकटीने काढला.

दुपारी सरांनी तिच्याकडूनच कपाट रिकामं करून घेतलं. कापूस, पट्ट्या, माती, द्रोण, सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं. आठवड्याने भिंतीवर मोठा टीव्ही आला. मुलं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून त्याच्याकडे बघत बसू लागली. पालक खूश झाले. व्हिडिओ तोवर घराघरांत पोचला होता.

दहाव्या दिवशी तेजू शाळेत आली. मधल्या सुट्टीत आवारातून गलका ऐकू आला म्हणून चारुलता बाहेर गेली. मुलांनी गोल केला होता. मध्ये वर्गातला सगळ्यात लहान गोटू उभा होता. दोघांनी त्याचे दंड धरले होते, आणि तेजू त्याच्या नाकाशी खडा धरून ओरडत होती, “घाला! अजून आत!”

गोटू रडत होता.

चारुलताने तेजूच्या हातातून खडा काढून घेतला. “काय चाललंय हे?”

“खेळून राहिलो टीचर,” तेजू मोकळेपणाने म्हणाली. “पन कोनी टीचर होतच नाही. सगळ्यायले पप्पाच बनायचंय.”

मुलं चारुलताकडे बघत उभी राहिली. ती रागावली तर मुलं घरी जाऊन सांगतील. नाही रागावली, तर तिची पाठ वळताच गोटूला पुन्हा धरतील.

“गोटूला सोडा,” ती म्हणाली. “मी होते टीचर.”

खडा तिने कुंपणापलीकडे भिरकावला. “दाणा खोटाखोटाच घ्यायचा. नाकात खरं काही घालायचं नाही. कोणीच नाही. कळलं?”

“हो टीचर!”

मुलांच्या उंचीला यावं म्हणून ती साडी सावरून उकिडवी बसली. तेजूने कमरेवर हात ठेवले आणि रिकामी चिमूट तिच्यापुढे धरली. चारुलताने मान जराशी वर केली.