दूध न पिणारी माझी पिल्लं

मित्रांनो, मला जुनी म्हणा, काठाचा टवका उडालेली म्हणा, पण निकामी म्हणून हिणवू नका. मी काचेची बरणी आहे. जामखेड तालुक्यातल्या एका वस्तीवर, कडूबाईंच्या घरातल्या कोनाड्यात माझा मुक्काम असतो. या पोटात मी शंभरावर लेकरं सांभाळली आहेत. शेजारच्या स्टीलच्या डब्याला विचारा, त्याला एक तरी सांभाळता आलं का!

माझा जन्म भट्टीतला. तापून लाल झालेल्या काचेत वारा भरून मला आकार दिला, एवढंच आठवतं. पुढे कडूबाईंनी मला बाजारातून आणलं आणि बारा वर्षं माझ्यात कैरीचं लोणचं घातलं. बाहेरूनच फोडी बघून पाहुण्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. स्टीलच्या डब्यात काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. माझ्या पोटात मात्र काही लपून राहत नाही, आणि त्याचा मला फार अभिमान. मग एके दिवशी त्यांच्या हातातून निसटले, काठाचा टवका उडाला, झाकण बसेना. लोणचं प्लास्टिकच्या बरणीत गेलं आणि मी खिळे पोटात घेऊन फळीवर धूळ खात पडले. तीन वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

माझं नशीब उघडलं ते दिवाळीच्या साफसफाईत. कडूबाईंची पुतणी राजेश्वरी तेव्हा सहावीत होती. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, आणि तेवढे सहा महिने ती या चुलतीजवळ राहते. ती केरसुणीनं जळमटं काढत होती. कोपऱ्यातल्या जाळ्यात एक कोळीण पांढरी पोटली कवटाळून बसलेली. एका फटक्यात कोळीण मेली. पोटली मात्र तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. राजेश्वरी ती पोटली तळहातावर घेऊन बसून राहिली.

"काकू, ह्यात अंडी हायेत. त्यांची आय म्या मारली."

"जळमाट काढताना कोळी मरनारच की! त्यात रडायचं काय?" कडूबाई म्हणाल्या.

"न्हाई काकू. आता ही पिल्लं मी जगवनार."

खिळे ओतून तिनं मला घासूनपुसून लख्ख केलं. आत वाळक्या काटक्या उभ्या केल्या, त्यांच्या बेचक्यात पोटली ठेवली आणि तोंडाला जुन्या लुगड्याचं विरलेलं फडकं बांधलं. दोन दिवसांनी वस्तीवर ट्रॅक्टर आला आणि तिचे आईवडील गेले. त्या संध्याकाळी ती माझ्याजवळच बसली होती.

आठ दिवसांनी पोटली फुटली. मोहरीहूनही बारीक पिल्लं काटक्यांवर पसरली. आता यांना खायला काय द्यायचं?

कडूबाई तोंडानं फटकळ, पण पिल्लू म्हटलं की विरघळणाऱ्या. आई मेलेली कितीतरी करडं त्यांनी बाटलीनं वाढवलेली. त्या म्हणाल्या, "पिल्लू म्हनलं की दूध. ह्यात इचारायचं काय?" शेळीच्या दुधात गूळ कालवून, त्यात कापूस भिजवून त्यांनी तो मोठ्या मायेनं माझ्यात सोडला.

सकाळी नऊ पिल्लं त्या चिकट दुधात मेलेली होती. बाकीची दुधाला शिवलीसुद्धा नव्हती. राजेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आधी आय मारली, आता लेकरंबी मराया लागली," ती म्हणाली. कडूबाईंनी मेलेली पिल्लं काडीनं बाहेर काढली; बाकीची आज ना उद्या पितील म्हणून कापूस तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी दूध नासलं. असा आंबूस वास सुटला की मला पडवीत ठेवलं गेलं. वासावर चिलटं जमली आणि विरलेल्या फडक्यातून आत शिरू लागली. "दे टाकून समदं," कडूबाई वैतागून म्हणाल्या. राजेश्वरीनं मला उचललं, आणि उकिरड्याकडे जाता जाता थबकली.

"काकू, थांबा! हिकडं या. बगा!"

काटक्यांमध्ये केसाहून बारीक जाळी विणलेली होती. एका चिलटाचा पाय तीत अडकला होता आणि तीन पिल्लं त्याच्यावर तुटून पडली होती. कडूबाईंनी माझ्या काचेला नाक लावलं.

"आगं बया! ही शिकार करत्यात व्हय! आन् आपन दूध पाजतोय!"

मित्रांनो, त्या वेळी मी स्टीलची असते तर? हे कुणाला दिसलंच नसतं. माझा ऊर भरून आला.

मग दुधाचा कापूस गेला. त्याच्या जागी अतिपिकल्या केळ्याची साल आली, म्हणजे चिलटं आपोआप येत. पाण्यासाठी फडक्यावर एक-दोन थेंब शिंपडत, जास्त नाही. शाळेतल्या पंकजा मॅडमनी सांगितलं, की पहिले काही दिवस पिल्लांना काहीच लागत नाही. आईनं अंड्यातच दिलेली शिदोरी त्यांच्या पोटात असते. हे घरी सांगता सांगता राजेश्वरीनं लाडवांचा डबा उघडला. तिची आईसुद्धा जाताना शेंगदाण्याचे लाडू करून गेली होती.

पिल्लं वाढली तशी एकमेकांवरच उठू लागली. भुकेली आणि दाटीत असली की ती भावंडंही सोडत नाहीत. मॅडम म्हणाल्या, आता सोडायची वेळ झाली. काकू-पुतणी मला ज्वारीच्या वावरात घेऊन गेल्या. तिथे पिकावर माव्याची बारीक कीड पडली होती, म्हणजे पिल्लांना ताटच वाढलेलं. पिल्लं ज्वारीच्या धाटांच्या शेंड्यांवर चढली आणि वाऱ्यावर धागा सोडून त्याच्यासोबत उडत निघाली. राजेश्वरीनं तिथूनच आईला फोन लावला. "आये, शंभरावर जगली!" तिचा आवाज सगळ्या वावरात ऐकू गेला असेल.

झाकणाऐवजी फडकं बांधून मला परत लोणच्याला काढायचं कडूबाईंच्या मनात होतं. "न्हाई, ती बरनी पिल्लांची हाय," राजेश्वरीनं ठणकावलं. म्हणून मी या कोनाड्यात रिकामी बसते, पण ताठ मानेनं.

तुमच्या घरीही जळमटं निघतील, मित्रांनो. ती काढाच. फक्त कोपऱ्यात पांढरी पोटली दिसली, तर केरसुणी तेवढी आवरा.

यंदाच्या साफसफाईत पाहिलं तर माझ्या टवका उडालेल्या काठाला धरून एका कोळिणीनं जाळं विणलं होतं, आणि जाळ्यात पोटली. कडूबाईंनी केरसुणी उगारली. मी श्वास रोखला. त्यांनी वाकून नीट पाहिलं आणि केरसुणी खाली घेतली.

"ऱ्हाऊ दे," त्या राजेश्वरीला म्हणाल्या, "लेकुरवाळी हाय."

मग त्या चुलीकडे गेल्या आणि पिकलेल्या केळ्याची साल आणून माझ्याजवळ ठेवली. दुधाचं नावसुद्धा काढलं नाही.