लहान मुलींचा हातमाग

संग्रहालयात दोरीच्या पलीकडे, टेबलावर ती लाकडी चौकट दिसली आणि मी जागीच थबकलो. खाली पाट, त्यावर आटे पाडलेले दोन उभे खांब, वर आडवी दांडी. शेजारी पाटी : ‘लहान मुलींचा हातमाग, सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा.’

ग्रंथालयाच्या बांधणी खात्यात चौतीस वर्षं मी अशाच चौकटीसमोर बसलो होतो. ही पुस्तकं शिवायची चौकट होती. निदान मला तसं वाटलं. पण संग्रहालयातली माणसं शिकलेली. त्यांचं कसं चुकेल? मी चष्मा पुसून पाटी पुन्हा वाचली.

“अहो, खिळल्यासारखे काय उभे?” बायकोने विचारलं.

मी हळूच सांगितलं.

“मग सांगा ना त्यांना!”

“जाऊ दे. माझंच चुकत असेल.”

“घरी मिठाचा डबा हलला तरी तासभर ऐकवता, आणि इथे तोंडाला कुलूप!”

आमची नात, जिला आम्ही भुंगा म्हणतो, तोवर पसार झाली होती. परतली ती संग्रहालयाच्या प्रमुखबाईंचा हात ओढतच.

“माझे आजोबा म्हणतात, ही पाटी खोटी आहे!”

मी असं म्हटलंच नव्हतं. माझी कानशिलं तापली.

“कशावरून?” बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, उत्सुकता होती. तिचीच मला जास्त भीती वाटली.

“पाटाला ही लांब फट आहे ना, तिच्यातून दोऱ्या खाली जातात. आणि माग म्हटला की विणलेलं कापड गुंडाळायला रूळ हवा. इथे तो कुठाय?” एवढं बोलून मी घाईने जोडलं, “असं मला वाटतं. खात्री नाही.”

बाई वाकून फटीकडे पाहत राहिल्या. “शिवून दाखवाल?”

नाही जमलं, तर भुंग्यादेखत मी खोटा ठरणार होतो. नाही म्हणालो, तर ती चौकट कायमची खेळणं होऊन बसणार होती.

“हात धुऊन येतो,” मी म्हणालो.

मग एकच धांदल उडाली. बायकोच्या पर्समधून सुई-दोरा निघाला. बरोबर आलेल्या लेकीने प्रवेशद्वाराजवळची माहितीपत्रकं उचलून आणली आणि भुंगा जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालू लागली. बाईंनी अडवणारी दोरी बाजूला केली आणि कार्यालयातून सुतळी आणली. तिचे तीन तुकडे मी दांडीला बांधून फटीतून खाली अडकवले आणि खांबांवरचे लाकडी नट फिरवले. लाकूड करकरलं. सुतळी ताठ झाली. बोटाने छेडली तर चक्क वाजली!

पहिली घडी ठेवली. सुई मधल्या दुमडीतून बाहेर, सुतळीला वळसा, परत आत. दुसरी घडी. तिसरी. हात माझ्या पुढे धावत होते.

“बाबा, पुस्तक होतंय!” लेक म्हणाली.

भोवती माणसं जमली. कुणीतरी कुणाला तरी खांद्यावर घेतलं. बाईंनी पाटी खोबणीतून ओढून काढली आणि पेन उघडलं.

“काय लिहू यावर?”

“ते नंतर! आधी पुढची घडी द्या!” मी ओरडलो.

रखवालदार ओठांवर बोट ठेवून धावत आला. गर्दीपाशी पोचला, टाचा उंचावल्या, आणि तोही पाहू लागला.