माझा ओरखडा बुजवू नका

मी एक जुनी, अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी आहे. मित्रांनो, माझ्या पोटातली अणुभट्टी कधीच काढून नेली. आत उरली आहे ती फक्त एक गोष्ट, आणि ती सांगताना मला अजून लाज वाटते.

काय थाट होता माझा! मला बांधायला सात वर्षं लागली. पाण्यात उतरले तेव्हा बँड वाजला. इंधनासाठी वर यायची गरज नाही, श्वासाची हवासुद्धा मी समुद्राच्या पाण्यातून बनवायचे. तीन-तीन महिने खाली! सगळे म्हणायचे, "हिच्यासारखी गुपचूप हीच!" पाणबुडीने फुगणं बरं नव्हे, पण मी फुगायचे.

नवव्या फेरीत, आचारी कांदा चिरत असताना, माझ्या शेपटीला जोरात हिसका बसला. समुद्रातले आवाज ऐकणारा आमचा माणूस, ज्याला सगळे कानसेन म्हणत, तो ओरडला, "साहेब, मासेमारीची होडी! तिचं जाळं आपल्यात अडकलंय. आपण तिला मागे ओढतोय!"

कप्तानांनी मला थांबवलं. जाळं तुटलं. वर होडीचं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

"साहेब, वर जाऊ या. होडीत पाणी शिरतंय, माणसं आहेत हो!"

"आपण इथे आहोत हे कुणालाही कळता कामा नये. नियम ठाऊक आहे ना?"

"पण कुणीतरी पत्रा ठोकतंय, साहेब. अजून ठोकतंय."

कप्तानांनी मान फिरवली. "ते कानावरचं काढून ठेव बाबा."

अख्खं गाव उजळेल एवढी ताकद माझ्यात, आणि मी शेपूट घालून निघाले. फेरीच्या नोंदवहीत लिहिलं गेलं, 'विशेष काही नाही.'

परतल्यावर कळलं, होडीवर पाच जण होते. फळ्यांना धरून चौघे वाचले. होडीवाल्याचा धाकटा भाऊ गेला. जाळं खडकाला अडकलं असेल, असं लोक म्हणाले. आम्ही गप्प. जाळ्याच्या तारेने माझ्या शेपटीवर पडलेल्या ओरखड्यावर रंगाचे दोन हात मारले आणि पुढच्या फेरीला पुन्हा बँड वाजला. तेव्हा मला बुडून जावंसं वाटलं. पण बुडणं हे तर माझं रोजचंच काम!

आता माझं संग्रहालय होणार आहे. परवा रंगारी आला. जुना रंग खरवडला तर खाली तो ओरखडा! तेवढ्यात एक आजोबा काठी टेकत आले. कानात यंत्र होतं, तरी मी ओळखलं. कानसेन!

"आजोबा, सरका जरा. हे बुजवायचंय."

"बुजवू नकोस रे. शाळेतली पोरं येतील, विचारतील."

"मग काय सांगायचं त्यांना?"

"की आम्हाला ऐकू आलं होतं." त्यांनी ओरखड्यावर हात ठेवला. "काल होडीवाल्याच्या घरी जाऊन सांगितलं. तीस वर्षं लागली मला."

रंगाऱ्याने डबा बंद केला.

मित्रांनो, मला बघायला याल तेव्हा माझी लांबी विचारू नका, ती पाटीवर आहे. ओरखडा विचारा. आणि कधी तुमच्या हातून कुणाचं नुकसान झालं, तर खाली दडून बसू नका. वर या. मला त्या दिवशी वर यायला चारच मिनिटं लागली असती.