मामाने सांगितलं तसं

सायलीने पेढा थेट तेजस्विनीच्या तोंडात कोंबला आणि टुणकन उडी मारून ओट्यावर बसली. सोमवारी ती नव्या कॉलेजच्या हॉस्टेलला निघणार होती. त्याच कॉलेजात तेजस्विनीनेही अर्ज केला होता. मार्क तिचे जास्त, मुलाखतही झकास झालेली. तरी नकार आला तो तिलाच. आपणच कुठेतरी कमी पडलो म्हणून ती तेव्हापासून स्वतःला बोल लावत होती.

"पुढच्या वेळी फीच्या सवलतीचं काही लिहू नकोस हं," सायली सहज म्हणाली.

"म्हणजे?"

"सवलत मागितली की मागे टाकतात ना. पूर्ण फी भरणारे आधी घेतात. पप्पांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. तुला नाही सांगितलं?"

तेजस्विनीला पेढा गिळवेना.

सायलीचे पप्पा म्हणजे तिचा सख्खा मामा. दुसऱ्या एका कॉलेजात प्राध्यापक. सिडकोतल्या या दोन खोल्यांत त्याचा शब्द शेवटचा. शाळा त्याने निवडली, क्लासही त्यानेच ठरवला. अर्ज तर त्याच्या शेजारी बसूनच भरलेला. सवलतीच्या प्रश्नापाशी ती अडली होती. बँकेचं कर्ज काढू, बाबांचा टेम्पो आहे, आईचं शिवण आहे, होईल कसंतरी, असं तिने म्हणून पाहिलं होतं.

"वेडी का काय?" मामा हसला होता. "माग बिनधास्त. त्याने काही फरक पडत नाही."

काही फरक पडत नाही! मग स्वतःच्या पोरीला का नाही मागू दिली? आणि एकदम तिच्या लक्षात आलं. सवलत न मागता पूर्ण फी भरायची तर कर्ज काढावं लागलं असतं, आणि बँकेने जामीनदार मागितला असता. या घरासाठी जामीन राहायला मामाशिवाय होतं कोण? नाही म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून त्याने तिची वाटच बंद करून टाकली होती. परका असता तर चार शिव्या हासडून ती मोकळी झाली असती. पण मामाने असं करावं?

"तेजू, बाहेर ये गं. मामाला ओवाळतेय मी," आईची हाक आली.

मामा पाटावर बसला होता, डोक्याला रुमाल, मनगटावर नवी राखी. आई तबक घेऊन समोर उभी होती.

"तोंड कशाला पाडलंय एवढं?" मामा म्हणाला. "पुढच्या वर्षी परत भरू अर्ज. मी आहे ना!"

"पुढच्या वर्षीपण सवलत मागू का, मामा?"

मामाने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्यामागे दारात येऊन उभ्या राहिलेल्या सायलीकडे पाहिलं. सायलीने मान खाली घातली.

"नको," तो हळूच म्हणाला. "नको मागू."

ओवाळता ओवाळता आईचा हात थांबला.

"अरे शेखर," ती म्हणाली, "मग यंदा का मागायला लावलीस?"