आधी तुम्ही, महलका खानुम

खोटं कशाला बोलू, महलका आमच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी आधी तिच्या स्की पाहिल्या आणि मग तिची कंबर. दोन्ही माझ्यापेक्षा हलक्या होत्या. माझ्या पोटात तेव्हाच दुखायला लागलं.

ती माझ्या नवऱ्याची, ईरजची, चुलतबहीण. लहानपणीच घरच्यांनी दोघांची नावं जोडून ठेवली होती. मग ती शिकायला ऑस्ट्रियाला गेली, तिथेच राहिली, आणि ईरजने माझ्याशी लग्न केलं. आमच्या शेमशक गावात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणाचंही लग्न असो, एखादी म्हातारी मला त्याची आठवण करून देतेच. आता केस पिकल्यावर बाई महिनाभरासाठी गावी आल्या होत्या. नवरा तिने सोडला की त्याने तिला, हे मी विचारलं नाही. पण कळावं म्हणून जीव नुसता तुटत होता.

आणि आली ती नेमकी याच वसंतात. ईरजचे गुडघे गेले होते. तेहरानच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं, "चढा हवं तर. उतरणं बंद. मऊ बर्फ बघून यंदा एकदा उतरून घ्या आणि स्की भिंतीला टांगा." घरी येताना गाडीतच आमचं ठरलं. वसंताचा मधला महिना, ऑर्दीबेहेश्त, संपत आला, स्कीवाल्यांची लिफ्ट बंद होऊन शहरवाले पांगले, की दमावंद डोंगराची दक्षिणेकडची घळ. शेवटची.

लग्न झाल्यापासून दर वसंतात आम्ही ती घळ उतरलोय. मी पुढे, तो मागे. वाट मी निवडायची आणि खाली पोचल्यावर त्याने माझ्या चुका काढायच्या. "डावीकडे वळताना तू अजून कचरतेस, सूदाबे." हे ऐकल्याशिवाय मला उन्हाळा लागल्यासारखं वाटत नाही. तर ही शेवटची उतरण मला आम्हा दोघांचीच हवी होती. त्यात तिसरं माणूस नको होतं, आणि हे तिसरं तर मुळीच नको होतं.

"महलकालाही नेऊ या," ईरज एकदा जेवताना म्हणाला. "तिचीही जुनी घळ आहे ती."

"ने की. घळ काय माझ्या बापाची आहे?" मी म्हटलं, आणि भाताच्या खरवडीचा मोठा तुकडा त्याच्यापुढून माझ्या ताटात ओढला.

निघायच्या आदल्या दिवशी अंगणात पाहते तर हा पठ्ठ्या इस्त्री तापवून तिच्या स्कीच्या तळाला मेण लावत बसलेला. माझ्या स्कीला इतकी वर्षं मेण मीच लावतेय.

"हे काय चाललंय?"

"पाहुणी आहे गं."

"मग मलाही कधीतरी पाहुणी म्हण."

तो हसला. "तुझा हात माझ्यापेक्षा बरा चालतो." स्तुती करून काम टाळायचं ते हे असं.

आम्ही वरच्या निवाऱ्यात मुक्काम केला. खाली पायथ्याच्या पोलूर गावात लाल खसखशीची फुलं वाऱ्यावर डोलत होती आणि इथे पाण्याची बाटली गोठत होती. पहाटे, चढताना मागे घसरू नये म्हणून, स्कीखाली केसाळ पट्ट्या चिकटवल्या आणि चढायला लागलो. पुढे मी, मागे ती दोघं. चढताना बोलू नये, दम जातो, हे ईरजनेच मला शिकवलेलं. पण त्या दिवशी त्याचा दम कुठून येत होता देव जाणे. काकांचं गाढव काय, शाळेच्या छपरावरून मारलेल्या उड्या काय, दोघं खिदळत होती. त्या कुठल्याच गोष्टीत मी नव्हते. अंगाचा तिळपापड होत होता आणि मी वेग वाढवत होते.

"जरा हळू, सूदाबे जान," मागून महलका म्हणाली. "तुमच्यासारखी फुप्फुसं नाहीत आमची."

"ऑस्ट्रियात हवा जास्त असेल," मी म्हटलं.

घळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ऊन नुकतंच आत शिरलं होतं. वरून, ज्वालामुखीच्या तोंडाकडून, गंधकाचा वास येत होता. वसंतातल्या बर्फाचं एक असतं. रात्री गोठून ते दगड होतं. सकाळच्या उन्हात वरचा थर रव्यासारखा सुटा होतो, आणि त्यावरून उतरण्यासारखं सुख नाही. पण ते सुख घटकाभराचं. मग त्याची लापशी होते, स्की आत रुतते, पाय तिथेच राहतो आणि माणूस पुढे जातो. धडधाकट गुडघे असतील तर कड्याच्या बाजूच्या खडकांवरून, स्की खांद्यावर घेऊन, चालत उतरावं. ईरजला त्या खडकांवरून उतरणं शक्यच नव्हतं.

त्याने काठी बर्फात खुपसली, फिरवली, बाहेर काढली. "झालं बर्फ तयार. चला."

आता मी सरळ पुढे व्हायचं ना? इतकी वर्षं तेच करत आले होते. पण पाहुणी शेजारी उभी असताना आपण आधी घुसायचं, ही आमची रीत नाही. दारातून आत जायचं तरी आम्ही आधी भांडतो. म्हटलं, एकदा म्हणावं, ती नाही म्हणेल, पुन्हा म्हणावं, ती पुन्हा नाही म्हणेल, मग आढेवेढे घेत आपण निघावं.

"आधी तुम्ही, महलका खानुम."

"छे, तुमच्या आधी? शक्य नाही."

"तुम्ही पाहुण्या."

"आणि तुम्ही घरच्या. ही तुमची घळ."

"तुम्हाला माझी शपथ आहे."

"मला तुमच्या मुलाची."

आता माझी निघायची वेळ आली होती. पण तिचा चेहरा पाहिला आणि डोक्यात तिडीक गेली. तोंडदेखला नकार मला कळतो. हिचा खरा होता. हिला मनापासून मागे राहायचं होतं, ईरजबरोबर. मी पुढे जाऊन खाली थांबणार, आणि ही दोघं वर निवांत शेवटचं काय ते बोलणार. म्हणजे मीच वाट मोकळी करून द्यायची?

"ते काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही गेल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही."

"मग आपण दोघी इथेच राहू या."

"राहू या."

"अगं बायांनो," ईरज म्हणाला, "बर्फ थांबत नाही."

"तू गप्प बस," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

त्याने पुन्हा काठी खुपसली. या वेळी ती आधीपेक्षा खोल गेली. त्याने आम्हा दोघींकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि तो निघाला.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. लिफ्टखाली पोरांना स्की शिकवताना, त्यांच्यामागे वाकून घसरताना मी त्याला रोज पाहिलंय. पण हा तो नव्हता. गुडघे गेलेला माणूस असा उतरतो? खांदे जागचे हलत नव्हते. वळणाआधी डावा हात किंचित उघडायचा, कुणाला वाट दिल्यासारखा, आणि मग सगळं अंग त्या हातामागे जायचं. घाई नाही, धडपड नाही. मागे बर्फावर एकसारखी वळणं उमटत गेली. तो तळाला पोचून थांबला, इतकासा दिसत होता. मग त्याने दोन्ही काठ्या डोक्यावर आडव्या धरल्या. उतरू नका, लापशी झाली.

आम्ही स्की पाठीला बांधल्या आणि खडकांवरून चालायला लागलो.

"तो हात," महलका म्हणाली, "अजून तसाच उघडतो."

मी थांबले. "तुला काय माहीत?"

"सगळं बालपण त्याच्यामागून उतरलेय मी. काकांनी तसंच ठरवलं होतं, पुढे तो, मागे मी." तिने नाक पुसलं. "म्हणून मागे राहायचं होतं. पुढून तो दिसत नाही ना."

तोंडात मारल्यासारखं झालं. पुढची जागा माझी म्हणून मी वर्षानुवर्षं मिरवलं. त्या जागेवरून मला काय दिसलं? बर्फ. हिला तो दिसला होता, पोरवयातला, धड गुडघ्यांचा, वसंतामागून वसंत. मला एकदाच दिसला, तोही आम्हाला कंटाळून निघाला म्हणून. आणि आता कधीच नाही.

इतकी जळले मी त्या क्षणी की खडकावर बसावं लागलं. तीही शेजारी बसली. खिशातले अक्रोड काढून तिने माझ्यापुढे धरले. खाली ईरज स्की काढून गुडघा चोळत होता.

"लहानपणी कसा उतरायचा?" मी विचारलं.

"उगाच त्रास करून घेशील."

"सांग."

तिने सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा तो या घळीत कसा पडला, टोपी कशी उडाली, पुढच्या वसंतात कसा उतरला. प्रत्येक शब्दाला मला तिचा गळा धरावासा वाटत होता. ती थांबली की मी तिला कोपराने ढोसत होते.

"मग? पुढे सांग ना."