घोडेगावची मॅडम

हर्षालीच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी चौथी-पाचवीची पोरं शिकवणीला बसत. आळे गावात शिकवण्या घेणाऱ्या आणखीही होत्या, पण मराठीतून एम. ए. झालेली ही एकटीच. आया पोरं आणून सोडत आणि जाताना "मॅडम, याला जरा दमात घ्या" असं बजावून जात. मॅडम म्हटलं की हर्षालीला बरं वाटे. लग्नानंतर या गावात तिनं स्वतःचं म्हणून कमावलेलं असं तेवढंच होतं.

बाकी गावाला तिची माहिती एकाच शब्दाची, घोडेगावची. नवऱ्यानं, सुदर्शननं, कॉलेजातली मुलगी करून आणली तेव्हा सासूबाईंनी विचारणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगितलं. तसं खोटं नव्हतं. हर्षाली घोडेगावात होस्टेलवर राहून शिकली होती. तिचं खरं गाव तिथून एसटीनं आणखी वर, डोंगरात, भाताच्या खाचरांमध्ये होतं. ते नाव सासूबाईंनी कधी घेतलं नाही आणि तिनंही घेतलं नाही. कांद्याच्या लागवडीला त्याच बाजूची माणसं टेम्पोत दाटीवाटीनं बसून आळ्यात यायची. त्यांना प्यायला पाणी कसं लांबून ओततात, हे तिनं पाहिलं होतं. उद्या आपल्या लेकीला, ईश्वरीला, शाळेत कुणी त्या टेम्पोवरून चिडवलं तर, असं मनात आलं की तिची झोप उडे. म्हणून आईला ती भेटायची ती ईश्वरीला घेऊन, घोडेगावच्या स्टँडवर. "तू नको दगदग करू, मीच येते," म्हणायची.

त्या रविवारी सासूबाई लग्नाला ओतूरला गेल्या होत्या, ईश्वरी आत झोपली होती, आणि ओसरीवर विशेषणं चालली होती.

"दिसेल ते घ्यायचं," हर्षाली म्हणाली. "विशेषण एकदा नामाच्या आधी, एकदा नंतर. लाल बादली. बादली लाल आहे. विशेषणानं जागा बदलली, पण बादली तीच. कळलं?"

पोरांना खेळच मिळाला. जाड म्हैस, म्हैस जाड आहे. ओला टॉवेल, टॉवेल ओला आहे. एक जण म्हणाला, "हुशार मी."

"तुझ्या आधी नाही लागत ते, बाळा. मी हुशार आहे, असं मागूनच लावावं लागेल."

"त्याला कुठूनबी लावा मॅडम, नाय चिकटायचं," दुसरा म्हणाला, आणि हसण्याच्या गलक्यात ऋषीनं फाटकाकडे बोट केलं.

"काळी बाई. बाई काळी आहे."

"बरोबर," हर्षालीच्या तोंडून सवयीनं गेलं. मग तिनं वळून पाहिलं.

फाटकात तिची आई, कोंडाबाई, उभी होती. आखूड नेसलेलं लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण, डोक्यावर गाठोडं. नवा तांदूळ निघाला की पहिली पायली लेकीच्या घरी पोचवायची, ही त्यांच्याकडची रीत. दर वर्षी ते गाठोडं स्टँडवरच हातबदल व्हायचं. या वर्षी नातीला आपल्या हातानं नवा भात भरवावा म्हणून कोंडाबाई न सांगता, बस बदलत बदलत आली होती. पोरगं काय बोललं ते तिनं ऐकलं होतं. 'बरोबर'ही ऐकलं होतं. तरी तोंडावरचं हसू तसंच होतं.

हर्षाली उठणारच होती. तेवढ्यात मागून ऋषीची आई, उज्ज्वला, घाईघाईनं आली. हाताला चिखल, साडीचा काचा मारलेला.

"मॅडम, ह्याला शिकवणी सुटली की हितंच बसवा हं, मी रानात हाय." मग तिची नजर कोंडाबाईवर गेली. "काय मावशी, लागवडीला का? मुकादम कोण तुमचा?"

कोंडाबाईनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं. ती हर्षालीकडे बघत होती.

"माझी एक बाई आली नाय आज. वाफं भिजवून ठेवलेत, रोप सुकाया लागलंय. येता का आत्ता?"

कोंडाबाईनं अजून लेकीवरची नजर काढली नव्हती. दोन शब्द पुरले असते. पोरं वर तोंड करून मॅडमकडे पाहत होती. हर्षाली वळली आणि फळा पुसू लागली. फळ्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

"येते की," मागून आईचा आवाज आला. "त्याच्यासाठीच आले व्हते." मग गाठोडं ओसरीच्या कडेला टेकवल्याचा आवाज. "हे हितं ऱ्हाऊ द्या, मॅडम."

दोघींची पावलं लांब गेली तेव्हा हर्षाली वळली. पोरं पुढचं विचारत होती. तिनं वाक्यं लिहायला घातली आणि स्वतः आत जाऊन माठापाशी उभी राहिली. आई मॅडम म्हणाली होती. चिडून म्हणाली असती तर सोसलं असतं. ती अदबीनं म्हणाली होती, लेकीचं झाकावं म्हणून. आणि काही न खाता, पाण्याचा घोटही न घेता, परक्याच्या वाफ्यात जाऊन बसली होती.

तिनं शिकवणी लवकर सोडली. ऋषीला ओसरीवरच बसवलं, झोपेतल्या ईश्वरीला कडेवर घेतलं आणि बांधाबांधानं उज्ज्वलाच्या रानात गेली.

वाफ्यात बायका ओळीनं बसून रोपं टोचत होत्या. कोंडाबाई शेवटाला होती.

"तुमी कशाला आलात चिखलात?" उज्ज्वला म्हणाली.

ईश्वरीनं डोळे चोळले आणि कोंडाबाईकडे हात पुढे केले. "आजी."

"घ्या," उज्ज्वला हसली. "हिला समद्याच म्हाताऱ्या आजी."

"लेकराला तसंच वाटतं," कोंडाबाई मान वर न करता म्हणाली.

आईही सुटायची वाट काढून देत होती. नुसतं हसून परत फिरता आलं असतं.

"ती तिची आजीच आहे," हर्षाली म्हणाली. "माझी आई."

पाटात मोटारीचं पाणी धो धो पडत होतं. "काय म्हणालात?" उज्ज्वलानं विचारलं.

आता तेच मोठ्यानं म्हणायला हवं होतं. "ती माझी आई आहे. तांदूळ घेऊन आली होती. तुम्हाला मजूर वाटली आणि मी गप्प बसले."

ओळीतले हात थांबले. एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "आपल्याकडली हाय व्हय ही मॅडम?" उज्ज्वलाचा चेहरा उतरला. तिनं वाकून कोंडाबाईच्या हातातली रोपांची जुडी काढून घेतली. "अवं मावशी, सांगायचं तरी. आन् मॅडम, तुमी..." पुढचं तिनं गिळलं.

"तिला नका बोलू. मीच म्हनले येते म्हनून." कोंडाबाई बांधावर आली आणि लेकीला खालच्या आवाजात म्हणाली, "त्या बाईला उगा लाजिवलंस. घरी गेल्यावर सांगायचं व्हतं."

हर्षालीला वाटलं होतं, एकदा बोललं की सुटेल. काही सुटलं नव्हतं. तिनं ईश्वरीला आईकडे दिलं.

"हात चिखलाचं हायेत माझं."

"असू दे."

नातीला मांडीवर घेत कोंडाबाईनं विचारलं, "सासू कवा येनार तुझी?"

"संध्याकाळी."

"मंग त्याच्या आधी निघते."

"नको. थांब तू," हर्षाली म्हणाली. हे सांगताना तिला आईच्या तोंडाकडे बघता आलं नाही.

कोंडाबाई थांबते म्हणाली नाही आणि जातेही म्हणाली नाही. नातीच्या पायाला लागलेला चिखल ती पदरानं पुसत राहिली.