टब माझा, टोमॅटो तिचे

वाटाघाटीला दोन्हीकडून सख्ख्या बहिणी बसवल्या तर करार चुटकीसरशी होईल, असं दोन्ही प्रांतांच्या सरकारांना वाटलं. ज्यांना बहीण नाही अशाच कुणाच्या तरी डोक्यातून ही अक्कल निघाली असणार.

मी खालच्या प्रांताची मुख्य अभियंता. धाकटी लग्न होऊन वरच्या प्रांतात गेली आणि तिथल्या वीजमंडळाची प्रमुख झाली. धरण त्यांच्या हद्दीत होणार. नदी पुढे आमच्याकडे येते. संध्याकाळी विजेला भाव असतो, म्हणून दिवसभर पाणी साठवायचं आणि तेव्हा एकदम सोडायचं, हा त्यांचा हट्ट. म्हणजे आमची नदी दिवसभर कोरडी आणि दिवेलागणीला काठावरचे पंप वाहून जाणार. कितीतरी बैठका इथेच घोडं अडलं होतं. आज दुपारी दोन्हीकडचे मंत्री सह्या करायला यायचे होते, आणि सही करण्यासारखं काहीच तयार नव्हतं.

माझ्या पिशवीत मात्र तोडगा होता. तो मी मुद्दाम राखून ठेवला होता. मंत्र्यांसमोर मांडायचा, टाळ्या घ्यायच्या आणि मग आईला फोन करायचा, असं माझं ठरलं होतं.

धाकटी समोर बसली होती. तिला चष्मासुद्धा शोभतो. मला चष्मा लागला तेव्हा आई म्हणाली होती, "वय दिसायला लागलं गं तुझं." तिला लागला तेव्हा म्हणाली, "किती हुशार दिसते!" आताही माझीच माणसं तिच्या विनोदांना हसत होती. माझ्या उपअभियंत्याने तर उठून तिच्यापुढे बिस्किटांची बशी धरली. मला त्याने आजवर कधी पाणीही विचारलं नव्हतं. माझ्या पोटात दुखत होतं, सरळच सांगते.

तेवढ्यात ती उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेली. वीजघराच्या खाली, आमच्या हद्दीला लागून तिने बोट टेकवलं.

"इथे एक छोटा बंधारा घालू. संध्याकाळचं पाणी त्यात अडवायचं आणि दरवाजांमधून थोडं थोडं सोडत राहायचं. आमची वीज होईल, तुमची नदी वाहती राहील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच बंधारा माझ्या पिशवीत होता! पिशवीतच कशाला, आमच्या लहानपणीच्या परसात होता. वरच्या मजल्यावरच्या काकू संध्याकाळी कपडे खळबळलेलं पाणी पाइपातून एकदम सोडायच्या आणि धाकटीची टोमॅटोची रोपं आडवी व्हायची. मी एका जुन्या टबाला खिळ्याने भोकं पाडली आणि तो पाइपाखाली ठेवला. पाणी हळूहळू झिरपत राहिलं, झाडं टोमॅटोंनी लगडली. आईने ते "आमच्या धाकटीचे" म्हणून शेजारीपाजारी वाटले. टबाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

"गाळ साठेल," मी म्हणाले. "जमीन बुडेल. आणि दरवाजे कुणाच्या ताब्यात?"

"तुमच्या," धाकटी म्हणाली.

उपअभियंता माझ्या कानाशी लागला. "मॅडम, दरवाजे आपल्या हातात! आणखी काय हवं?"

"चहासाठी थांबू या," मी खुर्ची मागे ढकलत म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. "तो टब माझा होता."

"माहितीये, ताई."

"मग चोरलास कशाला?"

"तू मांडला असतास तर आमच्याकडच्यांनी ऐकूनही घेतला नसता. खालच्यांचा डाव म्हणाले असते. माझा म्हणून मुकाट मान्य केला. आता तू नाही म्हण, म्हणजे दोघींनी मिळून नदी मारली असं होईल."

तिचं बरोबर होतं. तिचं नेहमीच बरोबर असतं, आणि तेच मला सहन होत नाही. नाही म्हणायला जीभ शिवशिवत होती. पण काठावरचे पंप डोळ्यांसमोरून हलेनात. आत जाऊन मी "मान्य" म्हणाले. दात उपटून दिल्यासारखं वाटलं.

मंत्री आले, सह्या झाल्या, कॅमेरे पुढे सरसावले. धाकटीने माइक ओढून घेतला. "आता सांगायला हरकत नाही. ही कल्पना माझी नाही, आमच्या ताईची आहे. लहानपणी तिने एका टबाला भोकं पाडली होती..." तिने सगळं सांगितलं, अगदी खिळ्यासकट. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या वर्षांनी का होईना, माझ्या टबाला टाळ्या मिळाल्या.

फोन वाजला. आईचा होता.

"बघितलं गं टीव्हीवर! टबाचं सांगितलं तिने."

"हो, आई," मी म्हणाले आणि कान देऊन थांबले.

"एवढी मोठी प्रमुख झाली, पण सगळं श्रेय बहिणीला देऊन मोकळी! असं मन लागतं. तू शिक जरा तिच्याकडून."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. समोर माझा उपअभियंता पुन्हा धाकटीपुढे बिस्किटांची बशी धरून उभा होता.